रीसेटची तार आणि मिस्त्रींचा गमछा

सालेकसा रोडला माझ्या आतेबहिणीची, म्हणजे ताईची, राईस मिल आहे. तिथे वरच्या माळ्याच्या कठड्यावर एक लाल गमछा लटकलेला असतो. तो गमछा मी आयुष्यात एकदाच खाली काढला आणि पाच मिनिटांत अख्खी मिल थांबवून दाखवली. एवढी सत्ता मला पुन्हा कधी मिळाली नाही. माझ्या घरात तर मी पंखासुद्धा विचारून बंद करतो.

त्या वेळी मिलमध्ये तांदूळ निवडायची नवी मशीन बसत होती. या मशीनमध्ये तांदूळ वरून पातळ पडद्यासारखा घसरत येतो, कॅमेरे त्याच्याकडे टक लावून बघत असतात आणि काळा दाणा किंवा खडा दिसला की हवेचा एक बारीक फटका त्याला बाजूला उडवतो. टक, टक, टक. ऐकत राहावंसं वाटतं. त्या कॅमेऱ्याचं सर्किट नागपूरची एक छोटी कंपनी बनवते आणि त्याचा ड्रायव्हर मी गोंदियाला घरी बसून लिहितो. ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटरला कॅमेऱ्याशी कसं बोलायचं ते शिकवणारा प्रोग्राम. नातेवाइकांना एवढं सांगूनही, लग्नकार्यात गाडी चालवायची वेळ आली की सगळे माझ्याकडेच बघतात.

तर मशीन बसत होती, तांदूळ ओतून तिची चाचणी चालली होती, माझे हात ग्रीसनं माखले होते आणि कठड्यावर गमछा होता. मी तो ओढला आणि हात पुसले. खाली हौदात तांदूळ ओतणाऱ्या माणसानं वर पाहिलं आणि घमेलं ठेवून दिलं. तांदूळ माळ्यावर आणणाऱ्या एलिव्हेटरच्या वाट्या रिकाम्या वर येऊ लागल्या. मशीनचं पोट रिकामं झालं आणि तीही थांबली. आवाजानं भरलेल्या मिलमध्ये एकदम कावळे ऐकू यायला लागले. ताई ऑफिसातून चष्मा हातात घेऊन बाहेर आली आणि कोण मेलं म्हणून विचारू लागली.

मशीनच्या मागून डोकं बाहेर काढून मिस्त्रींनी माझ्याकडे, मग गमछ्याकडे पाहिलं. हे मिस्त्री दरेकसाकडचे, साठीला टेकलेले, मिलमधला प्रत्येक पट्टा आणि प्रत्येक बेअरिंग आवाजावरून ओळखणारे. त्यांनी मला मिलचा कायदा समजावला. आवाजात हाक ऐकू येत नाही, म्हणून गमछा. कठड्यावर गमछा दिसतोय तोवर खालच्यानं ओतत राहायचं. दिसेनासा झाला की थांबायचं.

मी हसलो. म्हटलं, मिस्त्री, हे उलटं आहे. समोरून रेल्वे जाते, तिथं लाल कापड दिसलं की गाडी थांबते. तुमच्याकडे दिसलं की चालू?

"थांबवाले कापड लावाचं म्हनता," मिस्त्री म्हणाले. "अना मी इथं चक्कर येऊन पडलो, त कापड कोन लावन? हा गमछा माह्या खांद्यावरचा आहे जी. मी खाली उतरलो का तो बी उतरते. वर मानूस नाही, त ओतू नोको. बस."

मी टाळी वाजवली. तरुणपणी झाडीपट्टीच्या नाटकांत मी खलनायक करायचो, त्यामुळे दुसऱ्याचं वाक्य चोरायची सवय आहेच. पुढची कितीतरी वर्षं मी हा किस्सा पंगतीपंगतीत सांगितला, मिस्त्रींच्या आवाजात, हातातल्या रुमालाचा गमछा करून. आपल्याच टेबलावरच्या एका तारेवर आपण रोज हाच कायदा पाळायला हवा, हे मात्र एकदाही डोक्यात आलं नाही.

त्या तारेबद्दल थोडं सांगावं लागेल. घाबरू नका, गमछा समजला असेल तर तारही समजली.

कॅमेऱ्याच्या चिपला रीसेटची एक तार असते. या तारेवर व्होल्टेज असेल तर चिप काम करते. व्होल्टेज गेलं, शून्य झालं, की चिप डोळे मिटून गप्प बसते आणि कोणाशी बोलत नाही. म्हणजे रीसेट दाबला जातो तो शून्यावर. नवख्याला हे उलटं वाटतं, कारण आपल्याला वाटतं की काही करायचं असेल तर वीज सोडावी. पण तार तुटली, वीज अजून स्थिर झाली नाही, तर चिपनं भलतंसलतं करण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं. वर माणूस नाही, तर ओतू नको. ड्रायव्हरचं काम एवढंच की सुरुवातीला रीसेट क्षणभर दाबायचा, मग सोडायचा आणि चिप जागी झाली की तिच्याशी बोलायला लागायचं.

तार रीसेट शून्यावर दाबते की एकवर, म्हणजे व्होल्टेज असताना, हे ड्रायव्हरनं लक्षात ठेवायचं नसतं. प्रत्येक सर्किट-बोर्डाबरोबर त्याच्या वर्णनाची एक फाइल असते. कोणती तार कुठे जाते आणि ती कशावर दाबते, ते त्या फाइलमध्ये लिहायचं. ड्रायव्हरनं फक्त "दाब" आणि "सोड" म्हणायचं. त्याचं शून्य किंवा एक करायचं काम मधली यंत्रणा करते.

मी काय केलं होतं? त्या पहिल्या वर्षी घाईघाईत वर्णनात लिहिलं होतं, तार एकवर दाबते. चूक. कॅमेरा उठेना. मग वर्णन तपासायचं सोडून मी ड्रायव्हरमधली आज्ञाच फिरवली. जिथं "सोड" म्हणायचं तिथं "दाब" लिहिलं. कॅमेरा टुणकन उठला. दोन खोट्या साक्षीदारांनी एकमेकांच्या उलट साक्ष दिली आणि निकाल बरोबर लागला. मी चहा प्यायलो आणि विसरलो. मशीन वर्षानुवर्षं टकटकत राहिली.

यंदा दिवाळीनंतर नव्या बोर्डासाठी तो ड्रायव्हर पुन्हा उघडला आणि ती उलटी आज्ञा दिसली. मला माझीच लाज वाटली. मी ती सरळ केली. टेबलावरच्या नव्या बोर्डाचं वर्णन बरोबर होतं, त्यामुळे सगळं सुरेख चाललं. मग नवा ड्रायव्हर ताईकडे पाठवला. नवी औषधं लोक उंदरांवर तपासतात, मी माझे ड्रायव्हर ताईवर तपासतो. बाकीच्या मिलवाल्यांच्या आधी तिच्याकडे. जुन्या बोर्डाच्या मेमरीत ते जुनं, खोटं वर्णन तसंच पडून आहे आणि नवा ड्रायव्हर त्याला हात लावत नाही, हे माझ्या गावीही नव्हतं.

दुपारी ताईचा फोन आला. मशीन चालू होते, पण कॅमेरा सापडत नाही म्हणते.

मी विचारलं, आज काही वेगळं झालं का? ताई म्हणाली, तुझी फाइल टाकली. आणि सकाळी मिस्त्रींनी कॅमेऱ्याच्या पेटीत कॉम्प्रेसरची हवा मारली, दर सोमवारी मारतात तशी.

आता इथं माझ्या तोंडून जे निघालं ते मी अभिनयासकट सांगू शकतो, कारण ते मला पाठ आहे. खुर्चीत मागे रेललो, आवाज थोडा खाली आणला आणि म्हणालो, "हवेच्या दाबानं केबल निघाली, ताई. वय झालं मिस्त्रींचं. हात हलतात."

स्वतःच्या फाइलवर माझा संशय एक सेकंदही गेला नाही. पोटच्या पोरावर कोण संशय घेतं.

मी लगेच जाणार होतो, पण मला सर्दीतापानं गाठलं आणि त्यात आठ दिवस गेले. तोवर ताईनं गावातल्या बायांना बोलावून तांदूळ सुपात निवडायला बसवलं होतं. गोंदियाहून सकाळच्या पॅसेंजरनं गेलो. मल्टिमीटर, लॅपटॉप आणि एक भिंग घेतलं होतं. भिंगाची गरज नव्हती. प्रवेश चांगला होतो.

मिलच्या अंगणात उकडलेलं धान वाळत पडलं होतं आणि त्याच्या कडेला, स्टुलावर, हातात काठी घेऊन मिस्त्री बसले होते. कोंबड्या हाकत होते. खांद्यावर गमछा होता, पण घडी केलेला, पाहुण्यासारखा.

मी ताईला विचारलं, हे काय? ती म्हणाली, तूच तर म्हणालास. मशीनच्या पेटीची चाबी काढून घेतली त्यांच्याकडून. महागाची वस्तू आहे, हलत्या हातात कशी देऊ? कामावरून काढलं नाही मी, सावलीत बसवलं.

चाबी तिच्या कमरेच्या जुडग्यात होती. मिस्त्री बसले होते ते मात्र उन्हात.

माळ्यावर जाताना मी म्हटलं, टॉर्च धरायला मिस्त्रींना पाठव. ताईनं नाक मुरडलं, पण त्या पेटीचे स्क्रू कुठून उघडतात हे मिलमध्ये दुसऱ्या कोणाला माहीतच नव्हतं. मिस्त्री उठले. त्यांनी चाबी ताईच्या हातून घेतली नाही, मला घ्यायला लावली. वर येऊन चारी स्क्रू काढले आणि ते आपल्या टोपीत ठेवले, हरवू नयेत म्हणून. मग टॉर्च धरला.

मी भिंग काढलं. केबलवर वाकलो. केबल घट्ट होती. खटका लागलेला, धूळसुद्धा नाही. मी दुसरी केबल पाहिली. तीही घट्ट.

मिस्त्री हळूच म्हणाले, "भाऊ, माह्याच हातानं काई झालं असन. आता हात कापते माहा. टॉर्च पाहून राहिले ना तुमी, हालून राहिला." टॉर्च खरंच हलत होता. मग त्यांनी सांगितलं की घरी सांगून ठेवलं आहे, पुढच्या हप्त्यापासून मिलमध्ये येणार नाही. कोंबड्या काय, गावीही आहेत.

मी मल्टिमीटर काढला. बोर्डाला वीज बरोबर येत होती. मग रीसेटच्या तारेवर टोक टेकवलं. शून्य.

म्हटलं, ड्रायव्हर सुरू होताना क्षणभर शून्य असायचंच. मशीन बंद करून पुन्हा सुरू केली. क्षणभर व्होल्टेज दिसलं आणि पुन्हा शून्य झालं. मी टोक टेकवून थांबलो. शून्यच. कोणीतरी रीसेट सोडायच्या जागी दाबून धरला होता आणि तो कोणीतरी केबल नव्हता, हवा नव्हती, हलणारा हात नव्हता. लॅपटॉप उघडला. जुन्या बोर्डाचं वर्णन वाचलं. तार एकवर दाबते. माझं अक्षर ओळखू येण्यासारखी ती फाइल नव्हती, पण लिहिणाऱ्याच्या जागी माझंच नाव होतं. खोट्या साक्षीदारांपैकी एकाला मी सुधारलं होतं आणि दुसरा अजून जुनीच साक्ष देत होता. ड्रायव्हर प्रामाणिकपणे "सोड" म्हणत होता आणि वर्णनावर विश्वास ठेवून मधली यंत्रणा तारेवर शून्य ठेवत होती.

आता मी तुम्हाला माझं खरं रूप दाखवतो. पहिला विचार पश्चात्तापाचा आला नाही. पहिला विचार असा आला की जुना ड्रायव्हर लॅपटॉपमध्ये आहे. तो परत टाकायला दोन मिनिटं. कॅमेरा उठेल. मी केबलवर एक टिचकी मारीन, भिंगातून पाहीन आणि म्हणेन, बसली. ताई जेवायला वाढेल. कोणाला काही कळणार नाही.

शेजारी टॉर्च हलत होता.

मी जुना ड्रायव्हर टाकला नाही. वर्णनाची फाइल उघडली आणि जे खरं होतं ते लिहिलं. तार शून्यावर दाबते. एवढाच बदल. ड्रायव्हर तसाच ठेवला. मशीन पुन्हा सुरू केली. तारेवर क्षणभर शून्य, मग व्होल्टेज आलं आणि तसंच राहिलं. पडद्यावर कॅमेऱ्याचं चित्र आलं, त्यात मिस्त्रींच्या टोपीची कड दिसत होती. मी खाली वाकून हातानं खूण केली, घमेलंभर तांदूळ आला आणि आठ दिवसांनी पहिली टक ऐकू आली. मग टक, टक. खाली बसलेल्या बायांची सुपं थांबली. एक म्हणाली, बरं झालं बाई, मान मोडली होती.

ताई जिना चढून धापा टाकत वर आली. चेहरा फुललेला. आणि ती जे बोलली ते मला ताटात वाढून दिल्यासारखं होतं. "निघालीच होती ना केबल? तू फोनवर बसल्याबसल्या ओळखलं होतंस."

नाटकात अशा ठिकाणी खलनायक एक थांबा घेतो. मीही घेतला. मिस्त्री टोपीतून एकेक स्क्रू काढून मला देत होते, कोणाकडे न बघता.

"नाही ताई," मी म्हणालो. "केबल घट्ट होती. मिस्त्रींच्या हातून काहीही झालेलं नाही. मी केलं."

तिला कळेना. मी म्हटलं, तुझ्या मिलचा गमछ्याचा कायदा आहे ना? समज, ओतणारा पहिल्या दिवसापासून उलटं शिकला आहे, आणि वर मीही गमछा उलटाच लावतो. दोघं उलटे, म्हणून गाडी चालली. मग एक दिवस मला अक्कल आली, मी गमछा बरोबर लावायला लागलो. पण खालच्याला सांगितलंच नाही. आता मी गमछा लावून ओत म्हणतो आणि तो थांबून बसतो. गमछा बरोबर, माणूस प्रामाणिक, आणि मिल बंद. मी आठ दिवसांपूर्वी जी फाइल पाठवली, तिनं हेच केलं. मिस्त्रींनी हवा मारली ती फक्त योगायोगानं त्याच दिवशी.

ताईनं माझ्याकडे पाहिलं. लहानपणी मी तिची पाटी फोडून शेजाऱ्यावर ढकललं होतं तेव्हा तिनं असंच पाहिलं होतं.

"म्हणजे तुझ्यापायी मी या माणसाला कोंबड्या हाकायला बसवलं," ती म्हणाली.

मी म्हटलं, हो.

ती मिस्त्रींकडे वळली. माफी मागायची तिला सवय नाही, आमच्या घराण्यातच नाही. तिनं माझ्या हातातली चाबी घेतली आणि मिस्त्रींपुढे धरली. मिस्त्रींनी हात पुढे केला नाही.

"बाई, हात त कापतेच ना माहा. ते का खोटं आहे?"

"कापू द्या," ताई म्हणाली. "एवढ्या वर्षांत कापत्या हातानं एक स्क्रू हरवला नाही तुम्ही. याचे हात बघा, कसे स्थिर आहेत. मिल बंद पाडली."

खालच्या बाया हसल्या. मिस्त्री हसले नाहीत, पण त्यांनी चाबी घेतली आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात टाकली. मग माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले, "आठ दिवस मी माह्या हाताले शिव्या देल्लो, भाऊ. तुमच्या वाट्याच्या होत्या त्या." एवढंच. शेवटचा स्क्रू त्यांनी स्वतः लावला. दोनदा पेचकस घसरला, तिसऱ्यांदा बसला. कोणी मदत केली नाही.

मी लॅपटॉप आवरला आणि निघायला लागलो, तर ताईनं अडवलं. माझी गाडी दुपारी उशिराची होती. मिस्त्री वर गेले म्हणजे धानाजवळ कोणी नाही, असं ती म्हणाली. काठी भिंतीला टेकलेली होती. तिनं बोटानं काठी दाखवली, मग स्टूल दाखवलं.

अशा रीतीनं, हार्डवेअरशी बोलण्यात हयात घालवलेला हा गृहस्थ उकडलेल्या धानाशेजारी उन्हात बसला. कोंबड्यांचा आणि माझा अजिबात संवाद झाला नाही. मी एका बाजूनं हाकायचो, त्या दुसऱ्या बाजूनं यायच्या. बायांना फार आनंद झाला. एकीनं विचारलं, इंजिनेर भाऊ, या कोंबड्यायले बी फाइल टाकता का? मी म्हटलं, टाकली होती, उलटी चालून राहिली.

बसल्याबसल्या बाकीच्या मिलांचा विचार केला. त्यांच्याही बोर्डांत तेच जुनं खोटं वर्णन झोपलेलं होतं. तिथं ड्रायव्हर पाठवायच्या आधी दुरुस्त वर्णन पाठवायचं. आणि ड्रायव्हरमध्येच असं काही लिहायचं की जुनं वर्णन दिसलं तर त्यानं ते ओळखावं, चिप उठवावी आणि वर्णन चुकीचं आहे असं पडद्यावर स्पष्ट लिहावं, म्हणजे कोणा मिस्त्रीवर आळ यायला नको. हे सगळं मी एका हातानं कागदावर टिपलं, दुसऱ्या हातात काठी होती.

मध्येच मान वर केली. माळ्याच्या कठड्यावर लाल गमछा होता, घडी मोडलेला. खाली हौदात घमेली रिकामी होत होती.

मग तो गमछा नाहीसा झाला आणि ओतणारा थांबला. मी स्टुलावरून उठलो. पण मिस्त्री जिन्यानं उतरत होते, गमछा खांद्यावर आणि हातात चहाचे दोन पेले. एक त्यांनी मला दिला आणि स्टुलाजवळ उकिडवे बसले. पुढच्या हप्त्याचं काय, असं मी विचारलं. ते म्हणाले, सोमवारी पेटीत हवा मारायची आहे, ती कोण मारणार?

चहा संपेपर्यंत ते माझं हाकणं बघत होते. उठताना त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं.

"ते ढवळी कोंबडी पाहून घेजा, भाऊ. समोरच्या समोरून येत्या. ते मांगून येते."

आणि वर गेले. थोड्या वेळानं कठड्यावर गमछा दिसला, मिल पुन्हा सुरू झाली, आणि ढवळी खरंच मागून आली.